‘आग’ म्हणजे आग नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हे ‘सनविवि’ हल्ली कुणी लिहितं का, मला ठाऊक नाही. मला पत्र लिहायला आईनं १९७६ साली शिकवलं आणि तिनं शिकवलं तेवढंच मला येतं. आजीला लिहायचं तर ‘ती. आजीस शि. सा. न. वि. वि.’, आणि परक्या माणसाला नुसतं ‘स. न. वि. वि.’. तुम्ही परके, म्हणून तसं लिहिलं. चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. फोनवर वाचला आणि दोनदा वाचला, कारण जोडाक्षरांशी मी अजून अडखळते. लेखकानं कळकळीनं लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं, की ही मुलं दोन डगरींवर पाय ठेवून उभी आहेत, ना धड इकडची ना धड तिकडची, आणि गणपतीत झब्बा घालून फोटो काढला की त्यांचं मराठीपण संपतं. मी त्या ‘मुलां’पैकी एक. माझं वय ५७. गुडघे दुखतात. डगरींवर उभं राहणं मला आता झेपायचं नाही.

मी इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या गावात गाडी चालवायला शिकवते. आमच्या भागाच्या इंग्रजीला बाकीचे इंग्रज हसतात, आम्हाला ‘यॅम-यॅम’ म्हणतात. कराडला गेले की मामेबहिणी आपल्या मुलांना पुढं ढकलतात, ‘मावशीशी इंग्लिश बोल, सुधारेल.’ ती पोरं दोन वाक्यं ऐकून आईकडं बघतात. ‘लंडनचं’ इंग्रजी ऐकायला आलेल्यांची इतकी निराशा मी केली आहे, की आता मी आधीच मराठीत सुरू करते. मग माझ्या मराठीला हसतात. मी मोरी म्हणते, आगगाडी म्हणते, ‘पोष्टात जाऊन येते’ म्हणते. माझी भाची एकदा म्हणाली, ‘मावशी, तू पणजीसारखी बोलतेस.’ बरोबरच आहे. आईनं १९६६ साली विमानात बसताना जी भाषा बरोबर आणली, तीच माझ्याकडं आहे. त्यानंतरचा माल आमच्याकडं आलाच नाही.

आण्णा, म्हणजे माझे वडील, किर्लोस्करवाडीला पॅटर्नमेकर होते. ओतकामात आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि मग त्यात लोखंडाचा रस ओततात. तो लाकडी नमुना घडवणारा तो पॅटर्नमेकर. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना आधीच किंचित मोठा करायचा असतो, आणि त्यासाठी त्यांच्याकडं एक खास पट्टी होती. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा मोठा. मी ती एकदा गुपचूप शाळेत नेली आणि भूमितीची सगळी उत्तरं चुकवून आले. पट्टी अजून माझ्या खणात आहे.

१९६२ च्या कायद्यानं राष्ट्रकुलातल्या माणसाला इथं कामाला यायचं तर व्हाउचर लागू लागलं. नोकरी आधीच ठरलेल्यांना ‘अ’ गटाचं, हातात कसब असलेल्यांना ‘ब’ गटाचं. आण्णांना १९६४ साली ‘ब’ मिळालं. दोन वर्षांनी आई आली. मी १९६८ च्या जूनमध्ये जन्मले. त्याच्या दोन महिने आधी, २० एप्रिलला, आमच्याच गावचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला ते भाषण केलं, ज्यात आमच्यासारखी माणसं येत राहिली तर पुढं काय होईल याचं भीतीदायक चित्र होतं. या गृहस्थांना उर्दू येत होतं, युद्धाच्या काळात ते हिंदुस्थानात राहून गेले होते. आण्णांना याचं फार नवल वाटायचं. ‘त्याला आपली भाषा येती आणि तरी असं बोलतो,’ म्हणायचे. उर्दू ‘आपली’ कधी झाली, असं मी विचारलं तर म्हणायचे, ‘इथं सगळंच आपलं.’ खरंच होतं ते. रस्त्यावर आम्हाला शिवी घालणारा पंजाबी, गुजराती, मराठी असा फरक करत नसे.

१९७७ साली, ५ नोव्हेंबरच्या फटाक्यांच्या दिवसांत, आमच्या दारातल्या पत्राच्या फटीतून कुणीतरी पेटता फटाका आत टाकला. पायपुसणं जळालं, भिंतीचा कागद काळा झाला. आईनं भांडी घासायचं तसराळं तसंच नेऊन ओतलं, खरकट्या पाण्यासकट. आण्णांनी दुसऱ्या दिवशी फटीच्या आतल्या बाजूला पत्र्याची पेटी ठोकली. एवढंच. लागलं कुणालाच नाही. हा प्रसंग सांगायचं कारण पुढं येईल, नाहीतर मी तो सहसा सांगत नाही. सांगितला की समोरच्याचा चेहरा एकदम गंभीर होतो आणि मग माझ्याबद्दल त्याला सगळं कळल्यासारखं वाटायला लागतं.

लहानपणी माझं खरं काम दुभाषाचं. आमच्या पिढीतल्या पहिल्या पोरांना, विशेषतः पोरींना, हे काम न मागता लागलं. गॅसचं बिल, शाळेची चिठ्ठी, बँकेतला माणूस, सगळीकडं आईच्या पुढं मी. नऊ वर्षांची असताना आईनं मला डॉक्टरकडं नेलं आणि सांगितलं, ‘त्यांना म्हणावं, अंगावरून जातंय.’ आता हे काय असतं ते मला कुठलं ठाऊक? मी शब्दाला शब्द लावला आणि डॉक्टरांना सांगितलं, की हिच्या अंगावरून काहीतरी जातं. काय जातं, त्यांनी विचारलं. मी आईला विचारलं. आई म्हणाली, ‘गप्प बस, तेवढंच सांग.’ डॉक्टरांनी समजून घेतलं की अंगावर काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं, आणि खाजेचं मलम लिहून दिलं. आईनं ते भेगांना लावलं. खरं दुखणं तिनं कितीतरी महिने तसंच काढलं, गल्लीत एक गुजराती बाई भेटेपर्यंत. त्या बाईंनी तिला लेडी डॉक्टरकडं नेलं. मला हा अर्थ कळला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि बसमध्ये होते. उभ्या उभ्या कान तापले.

लिहायला मी शिकले ते टपालामुळं. एअरोग्राम नावाचं निळं पत्र असायचं, पत्र आणि पाकीट एकच. आई सगळं लिहून झाल्यावर घडीची शेवटची पट्टी माझ्यासाठी सोडायची. ‘चार ओळी तू लिही.’ आजी उत्तरात माझ्या चुका दुरुस्त करून पाठवायची. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त व्हायला दीड महिना लागायचा.

माझ्या धाकट्या भावाला ही पट्टी मिळाली नाही. तो १९७२ चा. उशिरा बोलायला लागला. दवाखान्यातून घरी येणाऱ्या एका बाईंनी आईला सांगितलं, की दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, घरात इंग्रजीच बोला. त्या काळी हे सर्रास सांगायचे. आईनं ऐकलं. तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत ती त्याच्याशी बोलायला लागली. कम, सिट, ईट, नो, कोट, शूज. आई आपल्या लेकराशी वीस-पंचवीस शब्दांत बोलत होती. मला ती मराठीत भरपूर रागवायची, म्हणी घालून, कराडच्या साऱ्या आळीचा उद्धार करून. त्याला रागवायची तर नुसतं ‘नो’. पुढं तिचं इंग्रजी सुधारलं, शिवणाच्या कारखान्यात बायकांबरोबर काम करून चांगलं सुधारलं. पण तोवर तो मोठा झाला होता. दोघांमध्ये प्रेम होतं, कुणी नाही म्हणू नये. फक्त बोलणं आखूड होतं.

लेखकांनी विचारलंय, आईबापांनी मुलांना मराठी का शिकवली नाही? हे असं झालं. आळस नव्हता आणि साहेबी थाटही नव्हता. शिकल्यासवरल्या बाईनं सांगितलं म्हणून आईनं आपली जीभ चावली. शाळेचंही तेच. इथं सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला उर्दू, पंजाबी, बंगाली, गुजराती हे विषय घेता येतात. मराठी नाही. आम्ही थोडे, आणि लंडनबाहेर तर फारच विखुरलेले. लंडनला १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, पण आण्णांची शनिवारचीही पाळी असायची आणि गाडीभाडं परवडायचं नाही. १९७९ साली शेजारच्या बिल्स्टनचा पोलादाचा कारखाना बंद पडला, मग ओतशाळाही एकेक करून बंद झाल्या, आणि मग पाळ्याच राहिल्या नाहीत. माझ्या मुलींना मी मराठी शिकवली का? नाही. त्यांना ‘जेवायला चला’ कळतं, ‘गधडे’ कळतं. त्याची सबब मी सांगत नाही, नव्हतीच.

आता आईकडं येते. २०११ च्या जनगणनेत इथं पहिल्यांदा मुख्य भाषा विचारली. आईच्या रकान्यात मी मराठी लिहिलं. त्याखाली प्रश्न असतो, इंग्रजी किती बरं बोलता येतं? मी ‘चांगलं’वर खूण केली, २०२१ लाही तीच केली. त्याच वर्षाच्या शेवटी तिला डिमेन्शिया असल्याचं निदान झालं. हा आजार पुष्कळदा भाषा उलट्या क्रमानं काढून घेतो. शेवटी शिकलेली आधी जाते. पन्नास वर्षं बोललेलं इंग्रजी दीड वर्षात गेलं. कारखान्यातल्या बायकांकडून शिकलेल्या दोन शिव्या तेवढ्या टिकल्या, त्या ती अजून योग्य जागी वापरते. बाकी सगळं मराठी. आण्णा २००९ लाच गेले. त्यामुळं या गावात आता तिचं बोलणं कळणारी मी एकटी.

२०२३ पासून ती शुश्रूषागृहात आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या बायका मायेनं करतात. कुणी झिम्बाब्वेची, कुणी फिलिपाइन्सची, एक नर्स केरळातल्या कोट्टायमची. त्याही आपापली भाषा दाराबाहेर ठेवून कामावर येतात. मला त्यांच्याशी भांडायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात मला कोविड झाला आणि आठ दिवस तिकडं जाता आलं नाही. भाऊ डर्बीहून येऊन बसायचा. त्या आठ दिवसांत आई फार अस्वस्थ झाली. रात्री उठून बसायची, कपडे ओढायची, ओरडायची, ‘आग, आग’. कोट्टायमच्या नर्सला थोडं हिंदी येतं. तिनं सांगितलं, या आग लागली म्हणतायत. तिनं बिचारीनं स्वयंपाकघर तपासून घेतलं, धुराची यंत्रं तपासून घेतली, काही नाही. मग फोनवरचा दुभाषा मागवला. मराठी मागितलं, मिळालं हिंदी. स्पीकरमधून हिंदी बोलणारा पुरुषाचा आवाज आल्यावर आईला वाटलं दारावर कुणी विकायला आलंय. ‘काही नको आम्हाला, पुढं जा,’ म्हणाली आणि तोंड फिरवलं. दुभाषानं सांगितलं, पेशंट बोलायला तयार नाहीत, पण मागं आग-आग म्हणत होत्या ते ऐकू आलं, आग म्हणजे फायर.

आणि मग माझ्या भावाला १९७७ चा फटाका आठवला. त्यानं तो सांगितला. लगेच सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले असणार, मी तिथं नव्हते तरी मला दिसतात. परदेशातून आलेली बाई, वंशद्वेष, जळतं दार, दाबून ठेवलेली भीती म्हातारपणी वर आली. सगळं कसं जुळलं. फाइलमध्ये तसं लिहिलं गेलं. शांत राहण्याचं औषध सुरू झालं. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला एका मुलीनं निळ्या पाण्याचं, बोटींचं चित्र लावलं. ते चित्र अजून आहे, मी काढू दिलं नाही, चांगल्या मनानं लावलंय.

नवव्या दिवशी मी गेले. आई म्हणाली, ‘आलीस व्हय गं बाय. आग आग हुतीया बघ नुसती.’ मी विचारलं, ‘कुठं?’ तिनं खोलीत दुसरं कुणी नाही ना ते पाहिलं, मग हळूच, ‘लघवीला.’

मूत्रमार्गाचा संसर्ग होता. म्हाताऱ्या माणसांना तो झाला की भ्रम एकदम वाढू शकतो, हे इथल्या कुठल्याही नर्सला पाठ असतं. कोट्टायमच्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. प्रतिजैविकं सुरू झाली, पाचव्या दिवशी आई पुन्हा जेवणाला नावं ठेवायला लागली.

संपादक महाराज, माझी तक्रार इथं आहे, आणि ती शुश्रूषागृहापेक्षा त्या लेखावर जास्त आहे. आमची कहाणी सगळ्यांना आधीच ठाऊक असते. इथल्यांना ठाऊक असतं की आम्ही भेदरलेलो, जखमी. तिकडच्यांना ठाऊक असतं की आम्ही हरवलेलो, मुळं तुटलेली. दोन्हींत थोडं खरं आहेच. पण आई आठ दिवस लघवीची जळजळ सोसत होती आणि तिच्या उशाशी सगळेजण तिच्या ओळखीचा, स्मृतीचा, स्थलांतराचा विचार करत बसले होते. माझा सख्खा भाऊसुद्धा. तिनं दुखणं सरळ शब्दांत सांगितलं होतं. ऐकणाऱ्याकडं तो शब्द नव्हता.

तेव्हापासून मी एक यादी करते आहे. इथं दुखणं विचारतात ते आकड्यात, शून्य ते दहा. आईला आकडा विचारला तर ती ‘आठ आणे’ म्हणते. पण ठणकतंय म्हणाली की मला कळतं दात किंवा हाड, चमक म्हणाली की कंबर, पोटऱ्यांत गोळा आला की पाय ताठ करून तळवा वर ओढायचा, मुरडा म्हणाली की संडासची खुर्ची जवळ आणायची. हुळहुळतंय म्हणजे कातडी सोललीय आणि बिछान्यात कूस बदलून द्यायला हवी. चुरचुरतंय, सलतंय, खुपतंय, रग लागलीय, मुंग्या आल्यात, पोटात कालवतंय, अंग मोडून आलंय. ४१ शब्द झाले आहेत. प्रत्येकापुढं इंग्रजीत अर्थ, इंग्रजी लिपीत उच्चार, आणि काय करायचं ते. तक्ता आईच्या पलंगाशेजारी लावलाय, झिम्बाब्वेच्या बाई ‘ठणका’ माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणतात.

पण हे सगळे कराड-सांगलीचे शब्द, तेही साठ वर्षांपूर्वीचे. आईच्याच वयाच्या नागपूरच्या, रत्नागिरीच्या, मालवणच्या, जळगावच्या बायकाही इथल्या कुठल्यातरी खोलीत असतील, आणि त्यांना काय दुखतंय ते माझ्या तक्त्यावरून कळायचं नाही. म्हणून आपल्या वाचकांना विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून दुखण्याचे शब्द आपल्याकडं लिहून पाठवावेत, तुमच्या भागात म्हणतात तसे, लाजेचेही लाजू नका. कुठं दुखलं की म्हणतात तेवढं पुढं लिहावं. आपण ते छापलेत तर मी तक्ता वाढवीन आणि मागेल त्याला देईन.

भाऊ हल्ली दर रविवारी येतो. तो इंग्रजीत बोलतो म्हणून आई त्याला डॉक्टर समजते, पदर सावरून बसते, ‘साहेब’ म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तो बाहेर जाऊन गाडीत बसला होता. आता नाडी बघितल्यासारखा हात हातात धरतो, ती धरू देते. तक्त्यावरचे शब्द तो पाठ करतो आहे, डर्बीहून येताना गाडीत मोठ्यानं म्हणतो. परवा रात्री त्याचा फोन आला, घाईघाईत. आई ‘ठसठसतंय’ म्हणत होती, ते यादीत नाही. ठसठस म्हणजे ठणकाच का, की वेगळं? मी म्हटलं वेगळं. तो म्हणाला, काय वेगळं? मला माझ्या बोटावर कळतं, त्याला सांगता येईना. कुणाला नीट सांगता येत असेल तर आधी तेवढं कळवा.

आपली नम्र,
वुल्व्हरहॅम्प्टन, इंग्लंड

(नाव छापू नये. छापलं तर शुश्रूषागृह ओळखू येईल, आणि त्या पोरी चांगल्या आहेत.)